पांढरी खडी

डेल्बर्ट,

अंगणात टाकायच्या खडीचा ट्रक सकाळी येऊन गेला. खडी पांढरीशुभ्र निघाली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची आपल्या दारात ओतली, म्हणून ड्रायव्हरशी चांगली हुज्जत घातली. म्हटलं, आमची तांबूस ठरलीये. दोघांनी मिळून निवडलीये, ओली करून पाहिली, भर उन्हात ठेवून पाहिली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्यानंच फोन करून बदलली. घर विकायला काढलंय ना? फोटोत पांढरीच उठून दिसते."

आणि मला काय सांगितलं होतंस? आता म्हातारपणी हिरवळ कापायची, पाणी घालायची कटकट नको, सरळ खडी टाकू! टूसॉनच्या उन्हात ज्याला राहायचंय तो पांढरी खडी टाकत नाही, डेल्बर्ट. दुपारी खिडकीशी उभं राहवत नाही, डोळे दिपतात. एवढं तरी मला कळेल, असं तुला वाटायला हवं होतं.

मी बहिणीकडे युमाला चालले आहे. कुत्रीला नेतेय. राजमा शिजवून फ्रिजमध्ये ठेवलाय, गरम करून घे. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस.

आणि हो, 'घर विकणे आहे'ची पाटी निवडुंगाजवळ ठोकू नकोस. तिथं खाली बिळात आपलं कासव थंडी संपेपर्यंत झोपलंय. त्यालाही तू काही सांगितलेलं नाहीस.

रोसाल्बा