तेलगूत त्याचा दुसरा काही अर्थ होतो का

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१६ नोव्हेंबर २०२४

चि. ललित,

तुला आणि हारिकाला ताईचे आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायला तू फोन उचलत नाहीस. रागावून लिहीत नाही. पत्र बघून वाटेल की घरात कुणाचं काही झालं. तसं काही नाही, हे आधीच सांगते. मेसेज न बघता ठेवून देता येतो, पाकीट मात्र माणूस फोडतोच, म्हणून पोस्टानं पाठवते आहे.

बाबांचा गुडघा थंडीत जरा जास्तच दुखतो, तरी फोपनारहून शाहपूरच्या बाजाराला मोटारसायकलवर जायचं सोडत नाहीत. केळीची पिलबाग यंदा चांगली आली आहे. तुझ्या पंकजदाजींची बदली परत टळली. मोनाली सहावीत गेली, आणि ललितमामा दिवाळीला का आला नाही म्हणून तिनं मला अगदी परेशान केलं. मी तिला सांगितलं, मामाला सुट्टी नव्हती.

आई बरी आहे.

एवढंच लिहून पुढे जाणार होते, पण हे पत्र आईचंच आहे. मात्र ते सांगायला मला आधी माझ्या कामाचं सांगावं लागेल.

मी घरून काम करते ते तुला माहीत आहे, काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे लोक भाषेबद्दल प्रश्न विचारतात. हा शब्द कसा लिहायचा, याला हिंदीत काय म्हणतात, साहेबाला अर्ज कसा करायचा. रोज इतके प्रश्न येतात की माणसांनी वाचून लावणं शक्य नाही, म्हणून ते काम कॉम्प्युटर करतो. अर्थाचे प्रश्न एकीकडे, व्याकरणाचे दुसरीकडे, तेलगूचे तेलगू जाणणाऱ्यांकडे. कुठला प्रश्न कुठे जातो हे आमच्यासारख्यांनी हजारो प्रश्नांवर खुणा करून त्याला शिकवलं. शिव्या कोणत्या हेही आम्हीच शिकवलं. शिवी दिसली की तो प्रश्न काढून टाकतो आणि विचारणाऱ्याला कळवतो, 'आपला प्रश्न असभ्य भाषेमुळे काढण्यात आला आहे.'

गेल्या महिन्यात लक्षात आलं की त्यात साधे लोकही सापडतात. कुणी बिचारा विचारतो, ठेकेदार मला अमुक म्हणाला, त्याचा अर्थ काय? मशीनला शिवी दिसते, विचारणारा दिसत नाही. आमच्या गायत्री मॅडमनी मशीननं काढून टाकलेले जुने प्रश्न परत तपासायला दिले. आपल्याकडची हिंदी-मराठी-खानदेशी खिचडी मला समजते, म्हणून तो गठ्ठा माझ्याकडे आला. नावं आम्हाला दिसत नाहीत, फक्त प्रश्न. त्यातला एक जसाच्या तसा उतरवते. बोलून टाइप केलेला आहे, कुठेही विरामचिन्ह नाही.

'माझी सून तेलगू हाये मी पहिल्यांदा तिच्या घरी गेली तं तिनं दारातच मले हसून —— म्हटलं दोनदा म्हटलं जेवायले बोलावलं तवा बी म्हटलं पोरगी तोंडावरून चांगली वाटते तेलगूत त्याचा दुसरा काही अर्थ होतो का'

ललित, कोणाचा प्रश्न आहे ते तुला कळलं असेल. मला पहिल्या ओळीलाच कळलं. माझा जुना फोन मी आईला दिला होता आणि माझं काम काय असतं ते मोठ्या हौसेनं दाखवलं होतं. वारंगळला तुमच्याकडे राहून परत आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "त्याच्यात तेलगूचं बी विचारता येते का गं?" मला वाटलं, सुनेशी बोलायला शिकायचं असेल.

मी रेघ मारली आहे तिथे काय होतं ते आता लिहावंच लागेल. हाताला जड जातं आहे, पण तू ते हसत वाचशील आणि मग हसू थांबेल. रंडी. 'रंडी, रंडी, अत्तय्या.'

तुला अर्थ सांगायला नको. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तुला कळलं असेल, आणि पुढे कान सरावला असेल. तू खाली रिक्षावाल्याचे पैसे देत होतास, आई एकटीच जिना चढून गेली, आणि हारिकानं दार उघडून तिला 'या, या, सासूबाई' म्हटलं. तू दिवसभर कामावर. ती बिचारी जेवायला बोलावतानाही तेच म्हणत राहिली, आणि आईनं ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं घरी पोचवून दे म्हटलं. कारण विचारलंस, तर म्हणाली, हवा मानवत नाही.

मग आपल्या स्टेशनवर तू तिला बोललास, "सून जातीतली नाही म्हणून तुला बघवत नाही, सरळ सांग ना." आणि घरी न येता तिथूनच परत गेलास. आईनं ते ऐकून घेतलं. पोटच्या पोरासमोर तो शब्द काढण्यापेक्षा तिला ते सोपं वाटलं.

तिनं तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला होता. प्रत्येक वेळी काढला गेला. शेवटचा तर भाषेशी संबंध नाही म्हणून काढलेला होता. 'सासूले शिवी देनारी पोरगी सासू जेवली नाही म्हनून रडते का'.

मी पहिला प्रश्न परत लावला. दुपारपर्यंत करीमनगरच्या एका गृहस्थांचं हिंदीत उत्तर आलं. 'अम्मा, इसका मतलब है आइए. छोटों को हम रा कहते हैं. यह तो बड़ों को, इज़्ज़त से कहते हैं.'

रविवारी मी फोपनारला गेले. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, "आई, हारिका तुला या, या म्हणत होती."

तिनं वर पाहिलं नाही. "कवा?"

"दारात. त्यांच्यात 'या'ला तसंच म्हणतात."

"तुले कोनं सांगलं?"

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर आलं."

ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "मशीनीनं तं सांगलं व्हतं का घान बोलनं हाये. मले वाटलं तेच उत्तर हाये."

मी म्हटलं, "मशीनला पण तुझ्यासारखंच ऐकू आलं, आई."

"धाकट्याले बी असंच म्हनतात?"

"नाही. मोठ्यांनाच. मानानं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "दोन दिवस पोरगी मानानं बोलावत व्हती, अन् मी भिताडाकडे तोंड करून बसली." एवढं बोलून उठली, वासराला पाणी दाखवून आली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "ललितले सांगू नको."

"आई, तो तुला काय काय बोलला. त्याला कळू दे ना."

"त्याले कळलं तं तो तिले सांगंन. मंग तिले काय वाटंन? तिनं मान देला अन् म्या काय ऐकलं? उद्या दारात कोनी आलं तं 'या' म्हनताना अडखयंन पोरगी. त्यापेक्षा सासू खट हाये, जात पायते, असंच समजू दे तिले. मले चालते."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर विचार केला आणि आज लिहायला बसले. आईचं ऐकलं नाही याचं मला वाईट वाटतं, पण ती 'मले चालते' म्हणाली तेव्हाचा तिचा चेहरा तू पाहिला नाहीस, मी पाहिला. हारिकाला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू तिला ओळखतोस, मी अजून नाही. मला विचारशील तर सांगावं. तिनेही आजवर मनात काहीतरी भलतंच धरलं असेल, स्वतःच्या रंगाचं, नाहीतर हातच्या स्वयंपाकाचं.

तुझ्यावर माझा राग नाही. तुला जे दिसलं त्यावरून तू बोललास. फक्त आईला आणखी कोणी काढून टाकू नये, एवढंच वाटतं.

कामाचं म्हणशील तर आता आम्ही मशीनला एक नवी खूण शिकवतो आहोत, 'अर्थ विचारला आहे'. असे शेकड्यांनी प्रश्न परत आले. सगळ्यांची उत्तरं गोड नसतात. कित्येकांना खरंच शिवीच दिलेली असते, आणि ते तसं सांगावं लागतं. आपल्या आईचं नशीब चांगलं.

आणि एक. आज सकाळी तिचा नवा प्रश्न आला. या वेळी मशीननं तो बरोबर जागी लावला, तेलगू, संभाषण. 'सुनेले फोन करायचा हाये तिनं उचलला तं पहिले काय म्हनावं'.

उत्तर देणाऱ्यांनी अजून हात लावलेला नाही, आणि मी त्यांना थांबवून ठेवलं आहे. याचं उत्तर हारिकानं द्यावं. नाहीतर तू तरी दे.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी एक,
तुझी प्रतिभाताई