वरचं मीठ

शनिवार पेठ, पुणे
१२ एप्रिल २०२५

आदरणीय दादा यांस,
सविनय जय भीम, वि. वि.

दादांच्या भाजीत चिमूटभर जास्त घाल, त्यांचं मीठ पोत्याखाली सांडतं, असं आई एकदा म्हणाली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. तुम्ही मार्केट यार्डातून आलात की बंडीच्या पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे, आणि ते कोणत्या देशांचे हे शोधायचा मला नाद. काल ते वाक्य आठवलं, कारण मंडईत रज्जाकचाचा भेटले.

त्यांनी सांगितलं, मंगळवारी तुम्ही कांद्याच्या गाळ्यापाशी हातगाडी सोडून खालीच बसलात. पोटऱ्यांत गोळे आले होते. तांब्यावर तांब्या पाणी प्यालात, आणि त्यांना विचारलंत की सुंदरा घरी गेली का. तुमच्या सुंदराला, माझ्या आईला, जाऊन अकरा महिने झाले, दादा. तेव्हापासून तुम्ही अळणी जेवता, हेही मला चाचांकडूनच कळलं.

आईचंही असंच सुरू झालं होतं. मला तिने अहोजाहो करून विचारलं होतं की बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या. आपण म्हटलं, वय झालं. मग दवाखान्यात समजलं, की ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे मीठ लघवीवाटे जातच होतं, त्यात आपण जेवणातलंही काढलं. रक्तातलं मीठ फार उतरलं की पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो, आणि कवटीत सुजायला जागा नसते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पुढचं समोर बसून मला बोलवणार नाही, म्हणून लिहिते. आईच्या ब्लडप्रेशरचा कागद परवा माझ्या जुन्या पर्समध्ये सापडला. त्यावर लिहिलंय, ‘वरचं मीठ बंद’. म्हणजे ती ताटाच्या टोकाला घ्यायची, तेवढंच. भाजीतलं नाही. तो कागद न उघडता मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलं, ‘मीठ बंद’. एक शब्द माझ्या हातून गळला.

तब्येतीचं खरं कळवा.

तुमच्या मायेची,
कल्याणी


गुलटेकडी, पुणे
१९ एप्रिल २०२५

चि. कल्याणीस,
मंगल कामना व जय भीम.

पत्र पोचलं. रज्जाकने माझ्याबरोबर चाळीस वर्षं पोती उचलली, पण एक गोष्ट त्याच्या पोटात राहिली नाही. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझं अक्षर चांगलं, म्हणून तू लिहिलेलं या घरात सगळे मानायचे. तुझ्या आईला वाचता येत नव्हतं. दारावर काय लिहिलंय असं ती रोज विचारायची आणि मी रोज वाचून दाखवायचो.

आता माझं ऐक. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी गेलो होतो. ते बोलले, त्यातलं मला मीठ बंद एवढंच ऐकू आलं. पुन्हा विचारायची लाज वाटली. बहिऱ्याला लोक दोनदा सांगत नाहीत, सांगितलं तर अख्ख्या दवाखान्याला सांगतात. कागद तुझ्या हातात देऊन मीच तुला तसं लिहायला सांगितलं. तू नुसता खडू धरलास. शब्द माझ्या कानातून गळला.

शेवटच्या आठवड्यात जेवताना तिने मिठासाठी हात पुढे केला. मी बरणी उचलून फळीवर ठेवली. ती बरणी अजून तिथेच आहे. आता पाठीशी ट्रकचा हॉर्न वाजला तरी मला कळत नाही. पण दुपारी ताट घेऊन बसलो की ती मीठ मागते, ते स्वच्छ ऐकू येतं. तिला दिलं नाही ते मी कसं खाऊ?

पाय आखडतात, डोकं जड होतं. चालायचंच. दारावरचं पुसलेलं नाही आणि कुणाला पुसूही देणार नाही. अभयरावांना जय भीम सांग.

तुझे दादा


शनिवार पेठ, पुणे
२४ एप्रिल २०२५

आदरणीय दादा यांस,
सविनय जय भीम, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. चूक कुणाची यावर आपण दोघं ओढाताण करतोय हे आईने पाहिलं असतं, तर भांडायला दुसरं काही मिळालं नाही का, म्हणून दोघांनाही झापलं असतं.

मी डॉक्टरांना तुमचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, जास्त मिठाने ब्लडप्रेशर वाढतं हे खरंच, पण या उन्हात हातगाडी ओढणाऱ्याच्या घामातून जातं ते परत द्यावंच लागतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर उरलेलंही पातळ होतं. आईचं झालं तेच.

तुम्हाला ती ऐकू येते. मला तिचा तो पुढे केलेला हात दिसतो, तुम्ही लिहिलंत तेव्हापासून. मीठ घालताना माझी चिमूट भाजीवरच थांबते. अभय म्हणतात, आजही अळणी का, आणि मी उगाच त्यांच्यावर चिडते. आई गेल्यापासून तुमच्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलेलं नाही, उंबऱ्यावरूनच परतते.

या रविवारी आत येणार आहे. आधी रक्त तपासायला नेईन, तिथे तुम्ही कुरकुरत याल. दारावरचं मी पुसणार नाही. ‘मीठ’च्या आधी चार बोटं जागा आहे, तिथे खडूने ‘वरचं’ एवढं लिहीन.

मग जेवायला बसू. भाजीत मीठ मी घालीन. तुम्ही नाहीच म्हणाल, माहीत आहे. तरी मागते. ती मीठ मागेल तेव्हा फळीवरची बरणी खाली काढून तिच्यापुढे ठेवा, आणि मग तुमचा घास खा.

तुमचीच,
कल्याणी