ऐपतीचा कागद

ता. ४

ति. मावशीस शि. सा. न.

आम्ही बरे आहोत. छोटीला दोन दात आलेत, दिसेल त्याला चावते.

मावशी, मला फार भीती वाटतेय. आमच्या मागच्या भिंतीला लागून जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी येणार. नगरपालिकेने परवानगी दिली, तिच्याविरुद्ध आम्ही गल्लीतले कोर्टात गेलो. अर्जावर पहिलं नाव माझं. काल भट्टीवाल्याचा माणूस दारात येऊन सांगून गेला, हरलात तर आमच्या वकिलांचा खर्चही तुम्हीच भरायचा, घर विकून. हे म्हणाले, नाव काढून घे, कशाला विकतचं दुखणं! काढलं तर धूर थेट पाळण्यावर.

आमच्या वकीलबाईंनी ऐपतीचा कागद भरायला दिलाय. कोर्टापुढे भिकारडे दिसायला नको म्हणून मी लिहिलं, सगळं घर आमचं, ह्यांचं स्वतःचं वर्कशॉप. बरोबर ना?

तुझी घाबरट भाची


ता. ९

चि. घाबरटास अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, तू लग्न जमवायला बसलीयस का? निम्मं घर दिराचं, नवरा दुसऱ्याच्या वर्कशॉपात वेल्डर! मी वकिलाकडे असले अर्ज रोज टाइप करते. पर्यावरणाच्या खटल्यात कोर्ट आधीच ठरवून देतं, हरलात तरी दुसऱ्या बाजूला अमुक इतकाच खर्च द्यायचा. पण ते सुरुवातीलाच मागावं लागतं, आणि ऐपत बघून आकडा ठरतो. तू श्रीमंती मिरवलीस तर आकडाही तसाच येईल. कागद कोर्टात जायच्या आत बदल. खरं लिहायला लाज कसली? छोटीला पापा.

तुझी मावशी


ता. २८

ति. मावशीस शि. सा. न.

कागद बदलला. वकीलबाई आधी रागावल्या, मग हसल्या. आज कोर्टात जज्जसाहेबांनी तो मोठ्याने वाचला. दीर, उसनी शिलाई मशीन, सगळं. मागे अख्खी गल्ली बसलेली, माझे कान तापले. भट्टीवाल्याचा वकील म्हणाला, यांना इतकी सूट कशाला. जज्जसाहेबांनी ऐकलं नाही. हरलो तरी ह्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या वर एक पैसा नाही. घराला हात लागत नाही.

निकाल लांब आहे, हरूही. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी विचारलं, पुढे चालवायचं ना? तसं असेल तर इथे सही. मी ह्यांच्याकडे बघितलं. छोटी माझ्या कडेवर, पदर तोंडात धरून. ह्यांनी हात पुढे केले, तिला माझ्याकडून घेतलं, आणि मला पेन धरता आलं.

आहे तशी माया राहू दे.

तुझी भाची