कुंकू लागलेली सीडी

बाबा, तुमच्या भजनांच्या सगळ्या सीडी या रविवारी कॉम्प्युटरवर उतरवल्या. प्लेअर कधीचाच बंद पडला, पण सीडी मी जुन्या साडीत गुंडाळून जपल्या होत्या. बुटीबोरीच्या कंपनीत जाणारी तुमची नात म्हणाली, ही भजनं मोबाइलवर आयती मिळतात. मिळोत, पण आजोबांनी ऐकलेल्या याच, असं मी म्हटलं. मग तिने असा प्रोग्राम लावला, की तो प्रत्येक सीडी दोनदा वाचतो आणि दोन्ही वाचनांचा मेळ बसला तरच पुढे जातो. मला ते पटलं. मीही बेरीज वरून खाली करून झाली की खालून वर करतेच.

शेवटची सीडी तिसऱ्या भजनावर अडली. "आई, एकाच जागी फिरून राहिली ही. कोणी घासली हिले?"

मी गप्प बसले. तुमच्यापाशीही गप्पच बसले होते. तुम्ही काटोलहून आमच्याकडे राहायला आलात त्या दसऱ्याची गोष्ट. शिलाई मशीन, विळी, वह्या पुजल्या, तशी तुम्ही जरीपटक्याच्या बाजारातून नवीन आणलेली ही सीडीही मी पाटावर ठेवली. छापील बाजूवर देवाचं चित्र, त्यावर बोट कसं टेकवायचं, म्हणून पालथी करून ओलं कुंकू लावलं. "चमकत्या बाजूले हात लावू नको वं बाई," हे तुम्ही आधीच बजावलं होतं. संध्याकाळी भजन अडखळलं, तशी मी गुपचूप ती पदराने गोल गोल पुसली. कुंकू गेलं, ओरखडे राहिले. तुमची नजर अधू, तुम्ही सीडीच्या मशीनलाच बोल लावलात. "थकली हे बी माह्यावानी," म्हणालात, आणि भजन जी ओळ गाळून पुढे जायचं, ती स्वतः म्हटलीत. मग रोजच. मी पोळ्या लाटते आहे, तुम्ही चहाची बशी खाली ठेवता, घसा साफ करता आणि नेमके त्या जागी शिरता. गाणारा पुढे निघून जातो, तुमची ओळ सावकाश संपते.

लेक म्हणाली, नाही निघालं तर हे एक सोडून देऊ. माझं मन होईना. तिने सीडी साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. प्रोग्राम तेवढीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहिला, मी देवापुढे बसून राहिले. स्वयंपाकाला उशीर झाला, पण मेळ बसला. "बिनचूक निघाली," म्हणत तिने भजन लावलं. ती ओळ मी पहिल्यांदाच त्या गाणाऱ्याच्या तोंडून ऐकली. गातो चांगला. पण घरात कोणी परकं येऊन बसल्यासारखं झालं. तिला म्हटलं, छान झालं. तिने इतके कष्ट घेतले होते.

आता ती कामावर गेली की मी ते भजन लावते. ती ओळ आली की आवाज बंद करते आणि मीच म्हणते. सूर लागत नाही, बाबा.