कश्मिरा चिपळूणला येतेय

मनामा,
१८ फेब्रुवारी २०२४

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? इथे हवा अजून छान आहे, खिडक्या उघड्या ठेवता येतात. हेमचंद्रच्या ऑफिसातला ड्रायव्हर दत्ताराम सुटीवर चिपळूणला निघालाय, त्याच्याकडे खजूर आणि हे पत्र देतेय. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखतेस आणि मग माझं सांगायचं राहूनच जातं.

कश्मिरा सुटीवर आलीय, असं मी तुला सांगितलं होतं. आता ती तुझ्याकडे यायचं म्हणते. चारआठ दिवस राहील. पोह्यांवर ओलं खोबरं भरपूर घाल, तिला आवडतं.

मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. बंदच होता. सध्या माझं असंच चाललंय.

तुला तिचा खेळ कधी नीट कळला नाही. मला तरी कुठे कळला होता! शेजारच्या शाजियाबरोबर बुदैया रोडवरच्या क्लबात पोहायला म्हणून जायची आणि एक दिवस गुडघे सोलून, मातीने भरून घरी आली. म्हणाली, "आई, इट्स कॉल्ड रग्बी." मुलींची टीम नव्हती, मुलांतच खेळायची. बॉल घेऊन पळणाऱ्याला कमरेत धरून खाली पाडायचं, हे तिचं काम. दात पडला, बोट मोडलं. मी दर वर्षी म्हणायचे, यंदा पुरे.

एडिंबराला फिजिओथेरपी शिकायला गेली तेव्हा वाटलं, आता सुटेल. पण तिथे तर तिला मुलींची टीम मिळाली. काही वर्षं सलग तिथे राहिलं की त्यांच्या देशाकडून खेळता येतं म्हणे. तशी ती खेळली. स्कॉटलंडचा गडद निळा शर्ट, छातीवर काटेरी फूल आणि पाठीवर आपलं आडनाव! पहिल्या मॅचला आम्ही दोघं थंडीत कुडकुडत बसलो होतो. शेवटी शेवटी तिला आत घेतलं. तिने दुपटीने दांडग्या एका मुलीला असं काही आडवं केलं की हेमचंद्र उभा राहून ओरडला, "पाडलं, पाडलं तिला!" मग आजूबाजूला बघून गुपचूप खाली बसला. तो आनंद मी कधी विसरणार नाही. पण ताई, ती पळत गेली तेव्हा मी डोळे मिटले होते. त्यानंतरच्या प्रत्येक मॅचला मिटले. लोकांच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं, ती उठली की नाही.

पुढे नोकरी सोडून ती पूर्णवेळ खेळायला लागली. यंदा तर तिला उपकप्तान करायचं बोलणं चाललं होतं. मार्चअखेर मोठी स्पर्धा आहे.

होती, असं म्हणायला हवं.

आली त्या दिवसापासून घरातही काळा चष्मा. पडदे ओढलेले. फ्रिज उघडून उभी राहायची, काय घ्यायला आलो तेच आठवत नसे. मी विचारलं की "जेट लॅग, आई." मग एका शुक्रवारी आम्ही जुन्या क्लबात गेलो. लहान मुली तिच्याभोवती गोळा झाल्या, फोटो काढले, खूश होती. परत येताना तीच गाडी चालवत होती. बुदैया हायवेवर तिने एकदम गाडी बाजूला घेतली. दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "आई, आपलं घर कुठे आहे?"

ज्या रस्त्यावर लहानाची मोठी झाली, त्या रस्त्यावर!

मग दार उघडून ओकली. जानेवारीत सरावात डोक्याला मार बसला होता, तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याआधीही दोनदा. "प्रॉमिस मी, आई. डोन्ट टेल एनीवन. हे वर्ष झालं की मी थांबेन." मी प्रॉमिस केलं. काय करणार होते? भर रस्त्यात रडत होती गं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टीमच्या डॉक्टरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. कश्मिरा चष्मा काढून हसत म्हणाली, "नो हेडेक्स. स्लीपिंग लाइक अ बेबी." कॉल संपला आणि ती भिंतीला धरून पलंगापर्यंत गेली.

रात्री हेमचंद्रला मात्र मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सत्तावीस वर्षांची आहे ती. तिचं तिला ठरवू दे." मी म्हटलं, "घर कुठे ते आठवत नाही, ती काय ठरवणार?"

तिच्या खांद्याचा स्नायू फाटला होता तेव्हा त्या डॉक्टरबाईंशी माझी ओळख झाली होती. मी गच्चीवर जाऊन त्यांना फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बाईंनी तारखा विचारून लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "थँक यू. आता मला तिच्याशी बोलावं लागेल."

इथे तपासण्या झाल्या, रिपोर्ट तिकडे गेले. निकाल आला. पुन्हा कधी नाही. मॅच नाही, सरावही नाही. कश्मिराने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "खलास." मग माझ्याकडे वळली. "इतकी वर्षं मी जे केलं, ते तू एका फोनवर संपवलंस."

त्यानंतर आठवडाभर बोलली नाही. काल मी भात लावत होते, तेव्हा दारात येऊन उभी राहिली. "आई, पुन्हा असं झालं तर पुन्हा सांगशील?"

"हो."

"मी परत कधीच बोलणार नाही म्हटलं तरी?"

"तरी."

मग म्हणाली, "मला इरावतीमावशीकडे जायचंय." आणि खोलीत गेली. जेवायला मात्र बाहेर आली. न बोलता, पण माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवली.

ताई, तिला खेळाबद्दल विचारू नकोस. शेजाऱ्यांना "आमची भाची देशाकडून खेळते" म्हणून दाखवायला नेऊ नकोस. डोकं दुखलं तर अंधाऱ्या खोलीत निजू दे. माझी बाजू तर मुळीच मांडू नकोस.

आणि एक गोष्ट, जी हेमचंद्रलाही सांगितलेली नाही. माझ्या मुलीचं सगळं संपलं, ती आत उशीत तोंड खुपसून रडत होती, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी. सकाळी उठले तर अंग हलकं वाटत होतं. आईला असं वाटतं का गं? तुला दोन मुलगे आहेत, तूच सांग. की नको सांगूस.

तिने माझा विषय काढला, शिव्या देण्यासाठी का होईना, तर मला कळव.

तुझी,
स्मिता