शुक्रवारचा शेवटचा भाग

९ नोव्हेंबर, रविवार

आज जेवताना सगळे पोट धरून हसलो आणि मी मध्येच हसायची थांबले.

दादाला बुधवारी ॲडमिट करायचंय, पुढच्या सोमवारी हार्टच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन. म्हणून आईनं त्याच्या आवडीचे धपाटे केले. बाबांनी कधी नव्हे ते नक्कल केली — पैठणच्या मामांची, एसटीत रुमाल टाकून जागा धरतानाची. दादाला हसून हसून ठसका लागला. आणि मला त्याचाच नियम आठवला! सुपरहिरोंच्या सिनेमात कोण मरणार ते तो आधीच ओळखतो. "सुरुवातीला ज्याला घरच्यांसोबत हसत जेवताना दाखवतात, तो गेला समज." शाळेपासून ऐकतेय. नियम क्वचितच चुकतो.

ताटावरून उठले. आई म्हणाली, "काय झालं गं तुला?" पाणी आणते म्हटलं.

११ नोव्हेंबर

मूर्ख आहे मी. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले — नेहमीचं ऑपरेशन आहे, काळजीचं कारण नाही. तरी भीती वाटतेच.

१२ नोव्हेंबर

ॲडमिट केलं. दादा मजेत. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरना त्यानं सिनेमांचं सगळं जाळं समजावलं — याच्या सिनेमात हरवलेलं जहाज तिच्या सिनेमात सापडतं, तिचा शत्रू तिसऱ्याच्याच सिनेमात नवरदेव म्हणून येतो. सिस्टर म्हणाल्या, "एवढं तर मला माझ्या सासरचं पण ध्यानात राहत नाय."

त्या गेल्यावर मी विचारलं, मेलेले परत कसे येतात रे?

"दुसऱ्या विश्वातून. माणूस तोच, चेहरा तोच. फक्त घरच्यांना वळखत नाय."

किती सहज बोलला. मला तसला परत आलेला नको. मला हाच पाहिजे — भांडणारा, माझा चार्जर पळवणारा. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडले.

१३ नोव्हेंबर

उद्या या सगळ्या सिनेमांचा शेवटचा भाग लागतोय. कॉलेजपासून आम्ही दोघं याची वाट बघतोय. मी म्हटलं, तू घरी आलास की सोबत जाऊ. शेवट आधी कळलेला त्याला मुळीच चालत नाही. मागच्या भागाचा शेवट शिवमनं फोडला तर जिवलग मित्र असून दादा त्याच्याशी वर्षभर बोलला नाही.

"तू जाऊन ये," म्हणाला. "माझ्यापायी कशाला थांबायलीस?"

मी इथं बसून रडेन म्हणून पाठवतोय मला. माझा चेहराच सगळं सांगतो वाटतं. जाते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळचा शो. पोरं शिट्ट्या मारत होती. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती, कुणाला बसू दिलं नाही. पडद्यावर ज्याला आधी जेवताना दाखवलं त्याच्याकडं बघवेना. तो मरतो की वाचतो हे इथं लिहायचीसुद्धा भीती वाटतेय — वही दादाच्या हाती लागायची.

संध्याकाळ

दादाला म्हटलं, भारी आहे, पण एक अक्षर सांगणार नाही, तूच जाऊन बघ. तो हसला नाही.

"आई यायच्या आत शेवट सांग, तनू. काल डॉक्टर माझ्याशी एकट्याशी बोलले."

सगळा सांगितला.