टीव्हीवर टांगलेले कार्ड

भिलाई-3
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

सौ. रत्नमाला हिला,

नवऱ्याने बायकोला पत्रात नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, हे मला माहीत नाही. चाळीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. आशीर्वाद द्यायची माझी सध्या लायकी नाही, म्हणून नमस्कार लिहितो. हसशील तर हस.

इकडे सर्व ठीक. तुळशीला पाणी घालतो. परवा नालीचे पाणी अंगणात आले होते, देवेंद्रने विटा लावून अडवले. शेजारच्या सुखरामांचा सावन संपत आला, आपला श्रावण आता कुठे सुरू झाला. त्यांची सून विचारत होती, काकींचा उपास कधी सुटणार. मी म्हटले, तिचा सोमवार श्रावणाचा नाही, बारा महिन्यांचा आहे. एवढे बोललो आणि घरात येऊन बसलो.

फोन केला की मीनल म्हणते, आई पूजेत आहे. सकाळी पूजेत, दुपारी पूजेत, दिवे लावायच्या वेळी पूजेत. माझा फोन आला की होते, एवढी पूजा आपल्या घरात कधी झाली नाही. म्हणून पत्र. भिलाई-3 हून दुर्गला मीनलकडे यायला अर्धा तास लागतो, मी येऊ शकतो. दोनदा स्टेशनपर्यंत आलोही होतो. पण तुझ्यासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही. मीनलकडून वाचून घेऊ नको, लेकीने वाचावे असे यात काही नाही. सावकाश का होईना, स्वतः वाच. तुझा जुना चष्मा इथे कपाटावर राहिला आहे. नवा तिकडे आहे ना? नसेल तर हे तरी कसे वाचशील, ही एक काळजी.

टीव्ही अजून बंद आहे. त्याचेच लिहायचे आहे. तीन कागद फाडून हा चौथा घेतला.

ते घंटीवाल्या मुन्नाचे कार्टून गुंजनला मीच लावून दिले होते. कीर्ती म्हणत होती, पोरीने अंक-अक्षरांचे काही पाहावे. सासरा म्हणून मी तिला गप्प केले, की अंक शाळेत शिकवतात, संस्कार कोण शिकवणार? त्यात कोणी खोटे बोलले की मुन्नाच्या हातातली घंटी आपोआप वाजते. खोटे बोलणारा लाल होतो, हात जोडतो आणि मुन्ना शिकवण सांगतो. गुंजन ती शिकवण जेवताना म्हणून दाखवायची. मी गल्लीभर सांगत फिरलो, आमच्या नातीला बघा.

मग तिने देव्हाऱ्यातली घंटी उचलली. ज्याला विचारले त्याने दांडी धरून उत्तर द्यायचे. देवेंद्रला हेल्मेटचे विचारले, कीर्तीला फ्रिजमधल्या पेढ्याचे. सगळे हसत होते. एका संध्याकाळी मी रेल्वे फाटकाकडून आलो आणि ती घंटी घेऊन दारातच उभी.

“आबा, पकडो. मुंह में क्या था?”

मी म्हणालो, सुपारी. माझा हात हलला आणि घंटी वाजली. ती टाळ्या पिटत पळाली. तू आत कणीक मळत होतीस. तुझा हात थांबला की नाही, ते मला बाहेरच्या ओट्यावरून दिसले नाही. मी मोरीत जाऊन पुन्हा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टॅबिलायझरमागची काचेची फ्यूज काढून खिशात घातली. टीव्ही मी बंद केला, रत्नमाला. तुझ्या फडक्याने काही झाले नव्हते.

मला वाटले, आठ दिवस कार्टून दिसले नाही की पोर घंटी विसरेल. पण देवेंद्र म्हणाला, “बाबा, तुमीच पाहा न, तुमचीच लाइन आहे.” जन्मभर वायरमनचे काम केलेला माणूस, मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोटे खोटे पाहिले. काहीतरी सांगणे भाग होते. सांगितले की पुसताना ओले फडके लागले, आत पाणी गेले. टीव्ही स्टॅबिलायझर सोडून सरळ बोर्डात लावू नका म्हणालो, उडेल. माझे म्हणणे सर्वांनी ऐकले. विजेच्या बाबतीत या घरात माझ्यावर कोणी शंका घेत नाही.

पुसतेस तूच. ते मला बोलून झाल्यावर आठवले. आधी आठवले होते, असेही असेल. मी आता काही नक्की सांगू शकत नाही.

तू म्हणालीस की तू ओले फडके लावलेच नाहीस. गुंजन घंटी घेऊन आली. पहिली माझ्या हातात दिली. मी बोट आत घालून लोलक दाबून धरला आणि म्हणालो, आजीच्या हातून झाले. घंटी वाजली नाही. मग तिने तुला दिली. चिकनगुनिया झाल्यापासून तुझा उजवा हात थरथरतो, भाजीत मीठ टाकतानाही थरथरतो, हे मला नाही तर कोणाला माहीत?

घंटी वाजली. गुंजन म्हणाली, “आजी झूठी.”

कीर्तीने तिला दटावले, पण तुला म्हणाली, “आई, सांगितलं असतं तर कोणी रागावलं असतं का?” तिने चांगल्या मनाने म्हटले. तेच जास्त लागले असेल.

तू तिच्याकडे पाहिले नाहीस. माझ्याकडे पाहिलेस. “मी हात नाही लावला त्याले. ज्यानं लावला त्याले माहीत आहे.” एवढेच. सकाळी पिशवी भरून मीनलकडे निघालीस. मी बसमध्ये बसवून द्यायला आलो, तेव्हाही फ्यूज माझ्या खिशातच होती.

तुला सर्व ठाऊक आहे असे मला वाटते. तरी लिहितो, कारण तुला ठाऊक असणे वेगळे आणि मी सांगणे वेगळे.

प्लांटमध्ये आमचा नियम होता. लाइनवर काम करायचे तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायची आणि बोर्डावर स्वतःच्या नावाचे कार्ड टांगायचे. ज्याचे नाव, त्यानेच फ्यूज परत लावायची. एकदा माझ्या सोबतचा केवलराम कार्ड न टांगता चहाला गेला तर मी चार माणसांत त्याला नाही नाही ते बोललो होतो. घरी मी फ्यूज खिशात ठेवली आणि कार्ड तुझ्या नावाचे टांगले.

आता उरलेले. तोंडात नुसती सुपारी नव्हती, तंबाखूचा खर्रा होता. चार वर्षांपूर्वी गालात पांढरा डाग निघाला तेव्हा देव्हाऱ्यासमोर पाणी सोडून मी खर्रा सोडायची शपथ घेतली आणि तू बिनमिठाचा सोमवार धरलास. डॉक्टरने डाग बरा झाला म्हटले, तू म्हणालीस देवाने ऐकले. सहा महिन्यांत मी परत सुरू केला. फाटकाजवळ खातो, चूळ भरतो, बडीशेप खातो, घरी येतो. तू मीठ सोडून बसलेली असतेस आणि मी विचारतो, आज भगर कशी झाली. दोनशेच्या जवळ सोमवार झाले असतील.

काल रविवारी सर्वांना समोर बसवून हे सांगितले. देवेंद्र उठून अंगणात गेला. कीर्ती म्हणाली, “बाबा, मी आईंना काय तोंड दाखवू?” गुंजनने विचारले, “फिर घंटी क्यों नहीं बजी?”

मी बोट कुठे घातले होते ते दाखवले. तिने स्वतः करून पाहिले. बोट घालून म्हणाली, मी हत्ती आहे. वाजली नाही. बोट काढून हात हलवला आणि म्हणाली, मी गुंजन आहे. वाजली. तिने घंटी उलटी करून आत पाहिले. मग हळूच म्हणाली, “मैंने आजी को झूठी बोला.” आणि रडायला लागली. कीर्तीने जवळ घेतले तरी थांबेना.

घंटी तिने स्वतःच देव्हाऱ्यात ठेवली. मी कार्टूनला दोष देत नाही. पण खरे-खोटे ओळखायचे काम आम्ही घंटीवर टाकले. पोरीला जन्मापासून पाहिलेली आजी समोर दिसत होती, तिच्याकडे बघ म्हणून मी शिकवायला हवे होते.

आता टीव्हीवर कार्ड टांगले आहे: फ्यूज मी काढली, गुलाबराव. सुखराम आले, वाचले, काढायला हात पुढे केला. मी म्हटले, राहू द्या.

फ्यूज या पाकिटात कापसात गुंडाळून घातली आहे, फुटली नसेल अशी आशा आहे. नियमाने ती मीच लावायला हवी, पण ती आता तुझ्या हाती राहू दे. घेऊन ये, पाठवून दे, नाहीतर फेकून दे. तोपर्यंत टीव्ही बंद राहील, गुंजनला कबूल आहे. ती रोज विचारते, आजी मले बोलेल का? मी उत्तर देत नाही, ते तुझे आहे.

खर्रा सोडला असे लिहीत नाही. आठ दिवस खाल्ला नाही, एवढेच खरे आहे.

एक मागणे आहे. आज सोमवार, हे पत्र पोचेल तोवर पुढचा येईल. त्या दिवशी वरणात मीठ घालून जेव. ज्याच्यासाठी उपास धरलास तो माणूस तसा नव्हता.

फ्यूज काढणारा,
गुलाबराव